मत नसलेली सेक्रेटरी

मी जात्याच संशयी. त्यात पोटापाण्याचा धंदाही असा मिळाला की संशय घेतला तरच पगार. हॉस्पिटलातला मायक्रोबायॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे मी लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात कितीतरी वेळा समजावून सांगितलंय. पेशंटचं रक्त, लघवी, थुंकी, जखमेतला पू, जे काही वॉर्डातून खाली येतं ते आम्ही प्लेटवर पसरून उबवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर काय उगवलंय ते बघतो आणि वॉर्डाला फोन करतो, अमुक जंतू आहे, तमुक औषध द्या. एवढंच. पण मंडळातल्या बायकांनी त्यातून घ्यायचं ते बरोबर घेतलं. गणपतीच्या जेवणाला मी हॉलच्या दारातून आत शिरले की पातेल्यांवर भराभर झाकणं पडायची. "आल्या बाई, आता भाताचं टेंपरेचर घेतील," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तीर्थ हातावर घेऊन मी हळूच रुमालाला पुसते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा म्हणायचा, "हिचा देवावर विश्वास आहे, पंचामृतावर नाही."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नॉर्थ-वेस्ट लंडनमधल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात आमची लॅब होती. मी तिथे बरीच वर्षं काढली. माझ्या पदाचं नाव ऐकायला भारी, असोसिएट स्पेशालिस्ट. म्हणजे काम कन्सल्टंटचं, विभागातल्या सगळ्यांत वरच्या डॉक्टरचं, पण दारावर पाटी नाही आणि शेवटची सही आपली नाही. इंडियातून आलेल्या कितीतरी डॉक्टरांचं गाडं या देशात तिथेच रुतून बसायचं. मी इथल्या सगळ्या परीक्षा पहिल्या खेपेला पास झाले होते. त्यानं काही फरक पडला नाही.

आमच्या लॅबचे कन्सल्टंट एकच. मी त्यांना इथे साहेब म्हणते, कारण घरी मी त्यांना तेच म्हणायचे. उंच, किंचित वाकलेले, आवाज कधी म्हणून चढवला नाही. रोज सकाळी प्लेटा वाचून झाल्या की मी त्यांच्या खोलीत जायचे, ते स्वतः चहा ओतून द्यायचे आणि मी लिहिलेल्या रिपोर्टांवर न वाचता सह्या करायचे. रात्रीचं ऑन-कॉल आम्ही दोघांनी वाटून घ्यायचं असं ठरलं होतं. पण त्यांच्या बायकोची तब्येत नाजूक, म्हणून त्यांच्याही रात्री बहुतेक मीच करायचे. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात संशय म्हणून आला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती मोठं सर्टिफिकेट होतं.

त्या दिवसांत हॉस्पिटलांत मॅनेजर नावाचं नवं पीक आलं होतं. त्यातला एक तरणा मुलगा एक दिवस खाली आला, प्लेटा उबवायच्या इनक्युबेटरकडे बोट करून म्हणाला, "हा ओव्हन दिवसभर चालू का ठेवता?" आणि जाता जाता विचारून गेला, की तुमचं काम बाहेर एखाद्या कंपनीला देता येईल का. दुपारी साहेब माझ्या बेंचपाशी येऊन म्हणाले, "सर्जनांची संघटना आहे, भूल देणाऱ्यांची आहे. आपल्या बाजूनं बोलायला कोणीच नाही. देशभरातल्या मायक्रोबायॉलॉजिस्टांची एक सोसायटी काढली पाहिजे." आणि पंधरवड्याच्या आत त्यांनी एक कमिटी जमवलीसुद्धा. मला म्हणाले, तुम्ही ऑनररी सेक्रेटरी व्हा.

"ऑनररी म्हणजे बिनपगारी," नवरा म्हणाला. तो कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, इंजिनियर होता, त्याला कमिट्यांचा अनुभव दांडगा. "पत्रं तू टाइप करणार, खोल्या तू बुक करणार, चहा तू सांगणार. आणि फोटोत तू कुठे? कडेला."

मलाही तोच संशय होता. पण मी हो म्हणाले त्याला कारण होतं. एजवेअरच्या पलीकडे एका हॉस्पिटलात मायक्रोबायॉलॉजीच्या कन्सल्टंटची जागा निघाली होती. घरापासून एका बसच्या अंतरावर. मी अर्ज केला होता आणि साहेबांचं नाव शिफारशीसाठी दिलं होतं. त्यांना विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "अर्थात." माझं वय पंचेचाळिशीच्या घरात. ही जागा गेली तर दुसरी निघेपर्यंत मी म्हातारी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला ती जागा हवी होती. लपवायचं काय त्यात, इतकी हवी होती की बसमधून त्या हॉस्पिटलावरून जाताना मी कुठल्या खिडकीत बसेन तेही ठरवून टाकलं होतं. नव्या राष्ट्रीय सोसायटीची सभासद, शिवाय सेक्रेटरी, एवढं नावापुढे लागलं तर निवड करणाऱ्यांना मला सहजासहजी बाजूला सारता येणार नाही, असा माझा हिशोब होता.

कमिटीत साहेब आणि मी धरून चौघं. अध्यक्ष म्हणजे उत्तरेकडच्या एका युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर, बुटके, जाड भुवयांचे, बोलायला महाग. पहिल्याच मीटिंगला त्यांनी मला विचारलं, "तुमचं मूळ शिक्षण कुठलं?" ते 'मूळ' मला कुसळासारखं टोचलं. चौथा मिल्टन कीन्स गावचा एक मराठी डॉक्टर. मूळचा सोलापूरचा, माझ्या मागून या देशात आला आणि माझ्या आधी कन्सल्टंट झाला. नवऱ्याची आणि त्याची मंडळातली दोस्ती, म्हणून मला वहिनी म्हणायचा. "वहिनी, तुमच्या तोडीची मायक्रोबायॉलॉजिस्ट अख्ख्या लंडनात नाही," हे त्याचं दर भेटीचं पालुपद. एवढी स्तुती फुकटात कोणी वाटत नाही, म्हणून त्याच्यावरही माझा एक डोळा असायचा.

आम्ही नियमांचा मसुदा केला. त्यात साधं लिहिलं होतं, की देशातल्या कुठल्याही लॅबमध्ये काम करणाऱ्या मायक्रोबायॉलॉजिस्ट डॉक्टरला सभासद होता येईल. मीच टाइप केलं होतं. पुढची मीटिंग प्रोफेसरांच्या गावी ठरली. साहेब जाणार, म्हणजे लॅबला कोणीतरी हवं, म्हणून मी थांबले. ते परत आले तेव्हा मसुद्यातलं ते वाक्य बदललेलं होतं. पूर्ण सभासद फक्त कन्सल्टंट. बाकीचे 'सहयोगी'. सहयोग्यांनी सभेला यावं, भाषणं ऐकावीत, जेवावं. मत द्यायचं नाही.

मी साहेबांना विचारलं, हे कोणी सुचवलं? ते चष्मा पुसत म्हणाले, "मीटिंगचा एकंदर सूर तसा होता. मलाही वाईट वाटलं." मिल्टन कीन्सला फोन केला. "वहिनी, चर्चा झाली हो. सगळ्यांचंच मत तसं पडलं," तो म्हणाला आणि घाईघाईनं विचारलं, "यंदा मंडळाच्या दिवाळीला चिवडा तुमच्याकडे ना?"

मला भयंकर राग आला. आणि राग आला की मी जे करते तेच केलं, तपास सुरू केला. हॉस्पिटलात उलट्या-जुलाबांची साथ आली की आम्ही प्रत्येकाला विचारतो, कधी खाल्लं, कुठे खाल्लं, शेजारी कोण होतं. तसा मी त्या मीटिंगचा माग काढायला लागले. गाव कुणाचं? प्रोफेसरांचं. अध्यक्ष कोण? प्रोफेसर. माझं मूळ कुणाला खुपतंय? प्रोफेसरांना. इकडे एजवेअरकडून इंटरव्ह्यूचं बोलावणं येत नव्हतं. पोस्टमनची चाहूल लागली की मी दाराकडे धावायचे. यायची ती गॅसची बिलं आणि मुलीच्या शाळेच्या नोटिसा. मग माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. प्रोफेसरांची सगळीकडे ओळख. त्यांनीच तिकडेही माझ्याबद्दल काही सांगितलं असणार. रात्री जेवताना मी हे बोलून दाखवलं तेव्हा आमची चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, यू सस्पेक्ट एव्हरीवन. तू माझा फ्रेंडच्या आईचा केकपण सस्पेक्ट केला." मी म्हटलं, त्या केकमध्ये कच्चं अंडं होतं.

स्थापनेच्या सभेआधी कमिटीची शेवटची बैठक होती. ऐन वेळी हॉस्पिटलच्या सेमिनार रूमचं हीटिंग बंद पडलं आणि साहेबांनी विचारलं, तुमच्या घरी जमू या का? मी हो म्हणाले, आणि हो म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात एक कल्पना आली.

आता हे कळायला आमच्या धंद्यातल्या लोकांची एक खोड माहीत हवी. मायक्रोबायॉलॉजिस्टांना जेवायला बोलावणं म्हणजे परीक्षाच. कुठल्याही समारंभात ते खाण्याच्या टेबलाभोवती उभे राहतात आणि बघत राहतात. वाफ येतेय का, किती वेळ बाहेर आहे, चिकनचा आणि सॅलडचा चमचा वेगळा आहे का. आणि सगळ्यांत जास्त भीती कालच्या भाताची. शिजलेला भात उबेत पडून राहिला तर त्यात एक जंतू वाढतो, तो असं विष सोडतो की पुन्हा परतला, उकळला, तरी ते जात नाही. तासा-दोन तासांत माणूस ओकायला लागतो. कौन्सिलच्या हेल्थ इन्स्पेक्टरांना यावर लेक्चर देणारी मीच, आणि लहानपणी रोज सकाळी फोडणीचा भात खाऊन शाळेत जाणारीही मीच. माझी आई रात्रीचा भात टोपात तसाच झाकून ठेवायची. आम्ही सगळी भावंडं धडधाकट राहिलो, हे मी त्या लेक्चरात सांगत नसे.

तर मी ठरवलं, कमिटीला फोडणीचा भात वाढायचा. आणि कालचा आहे असं सांगून वाढायचा. जो खाईल त्याचा माझ्यावर विश्वास आहे, जो टाळेल तोच ते वाक्य बदलणारा चोर. मी आदल्या संध्याकाळी भात केला, ताटात पसरून लगेच गार केला आणि फ्रिजमध्ये ठेवला, अगदी लेक्चरातल्यासारखा. कुणाचं पोट बिघडवायचं नव्हतं मला. सकाळी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे घालून दणदणीत फोडणी दिली. नवरा दारात उभा राहून बघत होता. "शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती," तो म्हणाला, "भातावरून माणसाची आजच बघतोय."

बैठक झाली, बदललेलं ते वाक्य तसंच राहिलं, आणि मी टेबलावर पोळ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि मधोमध भात मांडला. "आमच्याकडची खासियत," मी हसून म्हणाले. "कालच्या उरलेल्या भाताचा करतात."

मिल्टन कीन्सवाल्याचा चेहरा फुलला. "वहिनी, किती वर्षांनी," म्हणून त्यानं डोंगर वाढून घेतला. त्याला मी मोजलंच नाही, त्याला त्याच्या घरी कोणी हे करून घालत नसणार. साहेब पुढे झाले, वाढून घेतलं, चवीनं खाल्लं, आणि पुन्हा घेतलं. माझ्याकडे बघून मान हलवली, छान झालाय म्हणून. माझा ऊर भरून आला. प्रोफेसरांनी भाताच्या वर तळवा धरला, वाफ लागते का बघायला, आणि हात मागे घेतला. "माझं पोट लहान आहे," म्हणाले. तव्यावरून नुकतीच उतरलेली एक पोळी घेतली, तीही सुकी, आणि खिडकीशी उभे राहून आमच्या बागेतली शेड बघत खाल्ली.

झालं माझं काम. पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "बघितलंस? चोर सापडला." तो शेंगदाणे वेचून खात होता. म्हणाला, "एका म्हाताऱ्यानं भात खाल्ला नाही म्हणून चोर?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. आमच्या धंद्यातला माणूस कुणाचं काय खातो, त्यावरून त्याच्या मनातलं कळतं.

सभा बर्मिंगहॅमला होती. मी साहेबांच्या गाडीतून गेले. देशभरातून माणसं आली होती आणि हॉल गच्च भरला होता. काय खोटं सांगू, मला अभिमान वाटला. नोटिसा माझ्या, हॉल मी ठरवलेला, दारात बसून नावं मी घेतलेली. कितीतरी माझ्यासारखेही आले होते, असोसिएट स्पेशालिस्ट, क्लिनिकल असिस्टंट, निम्मेअधिक आपल्याच बाजूचे. ते मागच्या रांगांत बसले होते, कोणी न सांगता.

जेवणाला केटररनं मोठा बुफे मांडला होता. हॉलभर मायक्रोबायॉलॉजिस्ट, तेव्हा व्हायचं तेच झालं. गरम सूपसमोर ही रांग, आणि कोळंबीच्या सँडविचांकडे कोणी फिरकेना. प्रोफेसर खिडकीशी उभे राहून खिशातल्या सुरीनं स्वतःचं सफरचंद सोलत होते. मी जवळून गेले तेव्हा ते म्हणाले, "मी विद्यार्थी असल्यापासून मीटिंगमध्ये कुणाचंच काही खाल्लेलं नाही. माझ्या मेहुणीकडेसुद्धा नाही. तुमच्याकडची पोळी हा अपवाद होता."

म्हणजे हा माणूस माझ्याही वरचा निघाला, सगळ्यांवर सारखा संशय घेणारा. मग भाताचा पुरावा गेला की. प्रोफेसर सफरचंदाची फोड तोंडात टाकून पुढे म्हणाले, "आज तुम्ही लोकांनी बोललं पाहिजे. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये मी विरोध केला होता, पण मी एकटा पडलो." मी नुसतं हसले. मनात म्हटलं, आता शेवटच्या घटकेला साळसूदपणा करतोय. चोराच्या मनात चांदणं.

दुपारी सभासदत्वाचं ते वाक्य चर्चेला आलं. प्रोफेसर अध्यक्षस्थानी होते. त्यांनी विचारलं, हा बदल सभेपुढे कोण मांडतंय? आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरून साहेब उठले.

ते काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, कारण माझे कान गरम झाले होते. दर्जा राखला पाहिजे, सरकारनं आपल्याला गांभीर्यानं घ्यायला हवं, असं काहीसं. आवाज तोच, सकाळी चहा ओततानाचा. त्यांनी अडखळत, लाजत बोलावं असं मला वाटत होतं. ते शांतपणे बोलले. मग मागच्या रांगेतून मँचेस्टरकडची एक बाई उठून छान बोलली. प्रोफेसरांनीही सांगून टाकलं, की अध्यक्षानं बोलू नये हे मला कळतं, तरी माझा याला विरोध आहे. मिल्टन कीन्सवाला आपल्या बुटांकडे बघत होता. मी बोलले नाही. दारात खणखणीत आवाजात नावं घेतलेली मी तिथे नियमांचे कागद सरळ करत बसले.

मत द्यायचा हक्क फक्त कन्सल्टंटांना. म्हणजे मत कुणाला असावं, हे ज्यांना मत मिळणार त्यांनीच ठरवायचं. आणि हात मोजायचं काम सेक्रेटरीचं. मी उठले, रांगेरांगेतून फिरले, आणि मला नको म्हणणारे हात एकेक करून मोजले. साहेबांचा हात सरळ वर होता. मिल्टन कीन्सवाल्याचा कोपरात वाकलेला, वर म्हणावा तर वर, खाली म्हणावा तर खाली. मी तो वर म्हणून मोजला. ठराव मोठ्या फरकानं पास झाला आणि आकडा मीच मोठ्यानं वाचून दाखवला.

पुढचा विषय पदाधिकारी. साहेबांनी पुन्हा उठून सेक्रेटरीसाठी माझं नाव सुचवलं. खरंच सुचवलं, मनापासून, आणि माझ्या कामाचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "पदाधिकारी पूर्ण सभासद असला पाहिजे, असा आपला नियम आहे." हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढे सगळे हुशार लोक, पण मला काढून टाकल्यावर मी तिथे नसेन, हे कुणाला सुचलंच नाही. मग जरा कुजबुज झाली आणि तोडगा निघाला. नावाला सेक्रेटरी मिल्टन कीन्सचे डॉक्टर, प्रत्यक्ष काम पूर्वीसारखंच मी बघावं. तो माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी हो म्हणतोय हां." मी सगळ्या फायली त्याच्या मांडीवर ठेवल्या. म्हटलं, "भाऊजी, सांभाळा आता. मी नाही." आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

परत यायला साहेबांचीच गाडी. ट्रेननं यायला हवं होतं, पण तेवढंही सुचलं नाही. मोटरवेवर त्यांनी हीटिंग ठीक आहे ना विचारलं, पेपरमिंट पुढे केला. मी तो घेतला नाही. शेवटी मी विचारलं, "तुम्ही का केलंत?"

"तुम्ही रागावलात," ते म्हणाले. "अगदी साहजिक आहे. पण जरा विचार करा. पूर्ण सभासद झाला असता, तर तुम्ही कुठेही कन्सल्टंट म्हणून गेला असता. मग आपल्या लॅबचं काय? मी खरं सांगतो, तुमच्याशिवाय मला एक आठवडाही ती चालवता येणार नाही. माझा जेवढा तुमच्यावर विश्वास आहे तेवढा कुणावर नाही."

ते खरं बोलत होते. म्हणूनच तर मला धडकी भरली. इतके दिवस मी गावभर चोर शोधत होते आणि हा माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विश्वास नसता, तर कदाचित त्यांनी मला खुशाल जाऊ दिलं असतं.

"आणि एजवेअरची जागा?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. तोपर्यंत साहेबांचा तिथे काही हात असेल असं मला वाटलंही नव्हतं.

"हो, त्यांचा फोन आला होता मागे," साहेब म्हणाले. मागचा ट्रक पुढे जाऊ द्यायला त्यांनी गाडी डावीकडे घेतली. "मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. काम उत्कृष्ट आहे. पण तिकडे रात्रीचं ऑन-कॉल फार, आणि तुमच्याकडे घर आधी असतं, मिस्टर आहेत, मुलगी आहे. तुम्हाला ते जड जाईल, तुम्ही बहुधा येणार नाही, असं मी म्हटलं. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

त्यांच्या रात्री मी करत होते. त्यांच्या बायकोसाठी, इतकी वर्षं. पण मी एवढंच म्हणाले, की मला हॅरोच्या स्टेशनापाशी सोडा, मी तिथून चालत जाईन. त्यांनी सोडलं. खिडकीची काच खाली करून म्हणाले, "सोमवारी बोलू आपण, नीट." नवऱ्याला घरी जाऊन सगळं सांगितलं. तो नेहमी काहीतरी चावटपणा करतो, त्या दिवशी त्यानं नुसती खुर्ची ओढून दिली.

सोमवारी मी लॅबला जायच्या आधी एजवेअरच्या त्या हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरांच्या नेमणुका बघणारी एक बाई होती, आवाजानं भली वाटली. मी नाव सांगितलं, अर्ज केल्याचं सांगितलं, इंटरव्ह्यू कधी आहेत विचारलं.

"इंटरव्ह्यू गेल्या आठवड्यात झाले," ती म्हणाली. "जागा भरली. पण तुम्ही तर नको म्हणाला होता ना? तुमच्या कन्सल्टंटांकडून तुमचा तसा निरोप आला होता."

"मला कोणी विचारलंच नाही," मी म्हणाले.

कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाली, "पण डॉक्टर, आमच्याकडे तुमचं उत्तर आलेलं आहे."